गावचा कौल आणि दहा कॉलेजं

आई गेली तेव्हा मी दहावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स काढायला गेले होते. परत आले तर दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की आई ओट्याजवळ पडली आणि तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. दुपारी पप्पा आले. आईच्या चपला त्यांनी हातात धरल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस मला ओळीने आठवत नाहीत. पाण्याखालून वर बघावं तसे ते दिसतात. माणसं येतात, बसतात, उठतात, त्यांचं बोलणं उशिरा पोहोचतं. असल्फ्याच्या टेकडीवरची आमची खोली लहान, त्यामुळे आलेल्यांतले निम्मे बाहेर पायऱ्यांवरच बसत. पप्पा साकीनाक्याच्या एका गाळ्यात रबराचे वायसर कापायचे. आई तिथून जवळच शर्ट शिवणाऱ्या युनिटमध्ये होती, कॉलर लावायच्या कामावर. दोघं सकाळी एकत्र निघायची. गाळ्यातले लोक आले, युनिटमधल्या बायका आल्या, आणि मग गावाहून काका-काकी आले ते तेराव्यापर्यंत राहायलाच.

त्याच दिवसांत अकरावीचे ऑनलाइन फॉर्म सुरू होते. एका फॉर्मवर दहा कॉलेजं पसंतीक्रमाने लिहायची असत. मग फेऱ्या लागत, आणि प्रत्येक फेरीत तुमचे मार्क आणि तुमची यादी बघून संगणक तुम्हाला कुठेतरी नेऊन बसवी, किंवा कुठेच नाही. मला आर्ट्सला जायचं होतं. मार्क ऐंशीच्या जरा खाली होते. निकालाच्या संध्याकाळी आई म्हणाली होती, "सुट्टीच्या दिवशी सगळी कॉलेजं बघून येऊ आपण. बघायला काय पैसे पडतात?" ती सुट्टी यायची राहिली.

काकीच्या मनात वेगळं होतं. ती वाईट बाई नव्हती. माझे केस विंचरता विंचरता ती पप्पांना म्हणाली, "हयसर ह्या पोर एकट्या कसा रवतला? तुमी कामार, ह्या दिवसभर खोलयेत. आमच्याकडे येवंदे. कॉलेज एस्टी स्टँडच्या बाजूकच आसा. मार्क किती ता थंय कोण इचारणा नाय, जावन बसायचा."

"तिला इथंच शिकायचंय," पप्पा म्हणाले.

"शिकात थंयसर पण. आणि हयसर नंबर लागलो नाय तर? पैसेवाल्या कॉलेजात घालतलात?"

काका भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तेरावा होवंदे. सुतक सुटला की मी देवळात कौल घेतंय. देव सांगात तसा करूया."

पप्पांनी होकाराची मान हलवली. आमच्या घरात कौल हा शेवटचा शब्द असायचा. गावच्या देवळात देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव देवाला प्रश्न सांगतो, आणि सगळे कळ्यांकडे बघत उभे राहतात. उजवीकडची कळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पप्पांचं लग्न असं ठरलं होतं. गिरणी बंद पडल्यावर आजोबांनी गावी परतायचं की मुंबईत राहायचं तेही असंच ठरलं होतं, आणि ही खोली घेण्याआधी पप्पा रात्रभर प्रवास करून गावी जाऊन आले होते. आता मी आईशिवायच्या या खोलीत पप्पांजवळ राहणार की गावी जाणार, हे एक कळी सांगणार होती. पण तेराव्यापर्यंत तीही सांगणार नव्हती. सुतकातल्या माणसाने देवळाची पायरी चढायची नसते. तोवर देव आमच्यासाठी बंद होता.

दुपारी सगळे जरा लवंडत तेव्हा मी पडल्या पडल्या कॉलेजात जाऊ लागले. कधीच न पाहिलेली कॉलेजं. लांब व्हरांडे, थंड फरशी, कुठेतरी पुस्तकांचा वास. प्रत्येक व्हरांड्याच्या टोकाला आई उभी असे आणि खिडकीच्या पडद्याचं कापड दोन बोटांत धरून बघत असे. ती कुठेही गेली की आधी शिवण बघायची. कोणाच्या घरचं लग्न असो की दवाखाना, टीप सरळ आहे का यावर तिची नजर जाई. मी हाक मारे, पण माझा आवाज त्या व्हरांड्यात पुढे जात नसे. मग काकी गॅस पेटवी आणि व्हरांडा मावळून जाई.

एका सकाळी पप्पा म्हणाले, "चल. बघून येऊ कॉलेजं."

काकी दचकली. "सुतकात खंय फिरतास?"

"कुणाच्या घरात नाही जात. रस्त्यावरून बघायचं," पप्पा म्हणाले.

विधींसाठी त्यांनी डोकं भादरलं होतं. त्यावर कंपनीची जुनी निळी टोपी घालून ते निघाले. आम्ही बसने वांद्र्याला गेलो. तिथल्या कॉलेजाला दगडी जिने होते आणि आवारात जुनी झाडं. खालच्या मजल्यावर वाचनालय होतं. दाराच्या काचेतून मी आत पाहिलं. उंच खिडक्यांमधून उन्हाचे पट्टे टेबलांवर पडले होते आणि एक मुलगी त्या उन्हात वही उघडी ठेवून चक्क झोपली होती. मला वाटलं, मीच आहे ती. इतका वेळ मी तिथे उभी राहिले की वॉचमन आला.

"काय पाहिजे?"

"ॲडमिशनची चौकशी," पप्पा म्हणाले.

"ऑनलाइन आहे सगळं आता."

"हो, माहितीये. पण बघितल्याशिवाय पोरीला कसं पाठवणार?"

वॉचमनने त्यांच्या टोपीखालच्या कानांकडे, मागे नुकत्याच भादरलेल्या मानेकडे पाहिलं. त्याला काय ते कळलं असावं. "बघा, आरामात बघा," म्हणून तो फाटकाकडे गेला. निघताना पप्पांनी कॉलेजाच्या पायरीला हात लावून तो छातीला लावला. मला तेव्हा लाज वाटली होती, हे आठवतं.

नंतरच्या सकाळी मेट्रोने अंधेरीला गेलो. एका कॉलेजासमोर इतकी रहदारी होती की बोलणंही ऐकू येत नव्हतं. आत मात्र पिंपळाखाली सावली होती. बोरिवलीचं कॉलेज दूर पडलं. त्याच्या मागे जंगलाची हिरवी कड दिसत होती आणि परतीच्या बसमध्ये मला झोप लागली. मुलुंडला कॉलेजाच्या गच्चीपलीकडे डोंगर होता, त्यावर ढग टेकले होते. घाटकोपरचं कॉलेज तर घरापासून चालत जाण्याजोगं. खाली दुकानं, वर वर्ग. तिथे पप्पा थांबलेही नाहीत. "हे तर आपलंच आहे," म्हणाले आणि पुढे गेले.

या फिरण्यात आम्ही आईबद्दल एक शब्दही बोललो नाही. पण प्रत्येक फाटकाशी पप्पा थोडे मागे रेंगाळत. आणखी कोणीतरी यायचं बाकी आहे आणि त्याला आधी आत जाऊ द्यावं, असं काहीसं.

संध्याकाळी पप्पांनी यादी सांगितली आणि मी लिहिली. पहिलं वांद्र्याचं. दुसरं दक्षिण मुंबईतलं, सगळ्यांनी ऐकलेलं. तिसरं तसंच. दहाच्या दहा अशीच, पेपरात ज्यांची नावं येतात ती. घाटकोपरचं कॉलेज यादीत कुठेच नव्हतं.

"आणि हे आपलं जवळचं?" मी विचारलं.

"त्याला दहाव्या नंबरला कसं टाकायचं? बरं दिसतं का ते?"

मला कळेना. मग लक्षात आलं. गावच्या पालखीत पहिला मान कोणाचा, दुसरा कोणाचा हे ठरलेलं असतं आणि शेवटी बोलावलेलं घर वर्षभर रुसून बसतं. पप्पांनी कॉलेजांना मानाप्रमाणे बसवलं होतं. आणि जवळच्या कॉलेजाचा अपमान नको म्हणून त्याला बोलावलंच नव्हतं. मीही ते तसंच राहू दिलं. त्या दहाही नावांत मी दुपारी पडल्या पडल्या जाऊन आले होते, सगळीकडे आई भेटली होती. खालचं एखादं नाव लिहिलं तर तेवढा एक व्हरांडा कमी होईल असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. मावशी म्हणजे आईच्या शेजारच्या मशीनवर बसणारी तिची मैत्रीण. मूळची गोराईची, लग्न होऊन मरोळच्या गावठाणात आलेली. ती दिवसाआड डबा घेऊन यायची. दारातूनच काकीला म्हणायची, "घाबरू नका हो, माशाचा हातसुद्धा लागला नाय याला. चर्चच्या भटजीची शपथ." काकीला त्या दिवसांत एवढ्यावरच हसू यायचं.

मावशीच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी हा फॉर्म भरला होता. तिने माझी यादी हातात घेतली, वाचली आणि कपाळाला हात लावला.

"वाट लागली. ही काय यादी आहे का गं? गेल्या वर्षी ही कुठे बंद झाली ते बघितलंस?"

बघितलं होतं. दहातली नऊ माझ्या मार्कांच्या वर होती.

"आणि भाऊ, हे जवळचं कुठाय?"

पप्पांनी अडखळत मानापमानाची गोष्ट सांगितली. मावशी इतकी हसली की डोळे पुसायला लागले. मग ते पुसणं थांबेना. आम्ही सगळे खाली बघत बसलो. शेवटी तिने नाक शिंकरलं आणि म्हणाली, "भाऊ, त्यांना कळतच नाय हो तुम्ही कितव्या नंबरला टाकलंय ते. कोण रुसत नाय. तुमची बायको असती तर तिने तुम्हाला आज जेवायला दिलं नसतं."

"खरंय," पप्पा म्हणाले.

मग तिने मला समोर बसवलं. पहिलं तेच टाकायचं जिथे मनापासून जायचंय, कारण पहिलं लागलं तर घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यानंतर दोन-तीन वरची. मग मार्कांच्या आसपासची, जास्तीत जास्त. आणि खाली अशी, की जिथे काही झालं तरी जागा मिळेल. मी घाईने म्हटलं, "वांद्र्याच्या कॉलेजात विनाअनुदानित तुकडी पण आहे. ती खाली बंद होते. तिथे माझा नंबर लागेल मावशी, नक्की लागेल."

"लागेल. आणि फी?"

मी यादी पुन्हा हातात घेतली.

"अनुदानित म्हणजे सरकार भरतं. मुलींना तर फी नावालाच. विनाअनुदानित म्हणजे तुझा बाप भरतो. कॉलेज तेच, जिना तोच, पण कोड वेगळा. कोड बघून टाक, नाव बघून नको. आणि रोज जाण्यायेण्याचा खर्च धर. पहिल्या महिन्यात नाय कळत, पावसाळ्यात कळतं."

त्या रात्री मी दक्षिण मुंबईतली सगळी नावं खोडली. खोडताना वाटलं तसं झालं. दुपारचे व्हरांडे एकेक करून विझले. उरली ती पाहिलेली कॉलेजं, ज्यांच्या जिन्यावर पान थुंकल्याचे डाग होते आणि नोटीस बोर्डाची काच फुटलेली होती. आई त्यांत कुठे उभी राहील ते मला दिसेना.

तेरावं झालं. काका-काकी गावी गेले. फॉर्मचा शेवटचा दिवस आला आणि काका त्या संध्याकाळी देवळात जाणार होते. पप्पा गाळ्यातून लवकर आले. टेकडीच्या पायथ्याशी फॉर्म भरून देणारं एक दुकान होतं, तिथे आम्ही दोघं बसलो. दुकानदार पोरगेला होता, तोंडाने सतत चालू.

"बोला अंकल, टाकू का? साइट झोपायच्या आत."

"जरा थांबा. गावाहून फोन यायचाय."

"गावाहून? तिकडून कोण सांगणार, एज्युकेशन मिनिस्टर?"

"देव," पप्पा म्हणाले.

पोरग्याने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघत राहिले. स्क्रीनवर माझं नाव होतं, त्याखाली दहा रिकामे चौकोन. पप्पांनी टेकडी उतरतानाच मला सांगून ठेवलं होतं. कौल गावचा लागला तर हा फॉर्म भरायचा नाही.

फोन वाजला. पप्पांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. मागे घंटा वाजली, कोणीतरी खोकलं, मग काकांचा आवाज आला.

"लागलो रे! उजवो कौल दिल्यान देवान."

पप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "इचारलस काय ता सांग."

"चेडू गावाक इला तर सुखी रवात काय, असा."

चेडू म्हणजे मी. पोरग्याने माउसवरचा हात काढून घेतला. मी त्या दहा चौकोनांकडे बघत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. फक्त पंख्याचा आवाज मोठा मोठा होत गेला. पप्पांनी कधीच कौल मोडला नव्हता. त्यांच्या घरातल्या कोणीच नाही.

"आणि हयसर रवला तर?" पप्पा म्हणाले. "ता इचारलस?"

"ता कित्याक इचारूचा? देवान सांगल्यान ना."

"तू इचारलस तेवढाच देवान सांगल्यान. ह्या पण इचार. माझ्याकडे रवला तर सुखी रवात काय. फुला परत लाव."

"अरे, गुरव घराक चललो."

"थांबव तेका."

पलीकडे बरीच कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं की असं दोनदा विचारत नाहीत. काका म्हणाले, दोनदा नाय, प्रश्न दुसरो आसा. मग शांतता. त्या शांततेत मला गावचं देऊळ स्वच्छ दिसलं. आतला अंधार, समई, पाषाणाचा ओला काळा रंग आणि त्याला चिकटलेल्या दोन कळ्या. पाणी सुकत होतं. एवढ्या दूर माझं आयुष्य दगडाला चिकटून होतं, आणि इथे रस्त्यावर भाजीवाल्याचा माणूस कोथिंबिरीवर पाणी मारत होता. पोरगासुद्धा फोनकडे वाकून बसला होता. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी राहिली, त्याने हातानेच त्यांना थांबवलं.

"उजवोच रे!" काका ओरडले. "ह्या पण उजवोच!"

"च्यायला," दुकानदार म्हणाला, "दोन्ही सीटं अलॉट?"

पप्पा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसले, आणि हसताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. काका पलीकडून म्हणत होते, "आता काय ता तुझा तूच ठरव रे. देवान अंग काढून घेतल्यान." पप्पांनी बरं म्हणून फोन ठेवला. टोपी पुन्हा घातली. मग माझ्याकडे वळले आणि मला कधीही कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुला कुठे राहायचंय?"

"इथे."

"दिवसभर एकटी पडशील. मी सात-साडेसातला येतो."

"मी वाचत बसेन."

त्यांनी पोरग्याला खूण केली. आम्ही कोड बघून दहा चौकोन भरले. पहिलं वांद्र्याचं, अनुदानित. मग अंधेरीची दोन. मध्ये मुलुंडचं आणि त्याच्या आसपासची. खाली बसने जाता येण्याजोगी साधी कॉलेजं आणि सगळ्यात शेवटी घाटकोपरचं. तो चौकोन भरताना पप्पा जरा चुळबुळले. पोरगा प्रत्येक नाव मोठ्याने वाची आणि "अनुदानित?" असं विचारी, आम्ही दोघं एकदम "हो" म्हणू. त्याने आमच्याकडून पैसे घेतले, पण प्रिंटचे घेतले नाहीत.

पहिल्या फेरीत मला मुलुंडचं कॉलेज लागलं, यादीतलं पाचवं. पुढच्या फेरीसाठी थांबता आलं असतं. मावशी म्हणाली, थांबून बघ, अंधेरी थोडक्यात हुकलंय. पप्पा म्हणाले, तू सांग. मी मुलुंड घेतलं. लालबहादूर शास्त्री मार्गाने जाणारी बस मिळायची, बसायला जागा असायची आणि तासभर वाचता यायचं. वाचनालयात काचेची दारं नव्हती, गोदरेजची कपाटं होती आणि त्यांच्या किल्ल्या एका बाईंकडे असत. वर्षभरात त्यांनी मला किल्ल्या द्यायला सुरुवात केली. वांद्र्याच्या त्या उन्हाच्या पट्ट्यांतल्या मुलीचं पुढे काय झालं, हा विचार मी कितीतरी दिवस करत असे. ती माझ्या वाट्याची झोप घेत होती असं वाटायचं. नंतर तो विचार कमी झाला.

आई मात्र मला त्या कॉलेजात कधी दिसली नाही. पहिल्या दिवशी मी प्रत्येक खिडकीशी थांबले. पडदे नव्हतेच. पुढे पाच वर्षं तिथेच गेली, अकरावी ते बी.ए., आणि तिने न पाहिलेली अशी ती माझी पहिली जागा झाली. तिला ती सांगावी लागली असती. गच्ची कुठे, डोंगर कुठे, डबा कुठे बसून खातो. अजूनही मी कधी कधी मनात ते सांगत असते, सावकाश, एकेक मजला.

मी एम.ए. केलं. आता भांडुपच्या एका शाळेत मराठी शिकवते. दर वर्षी जूनमध्ये वर्गातल्या मुली याद्या घेऊन येतात आणि मी त्यांना कोड बघायला सांगते. मावशी मरोळलाच असते. काका तीन वर्षांपूर्वी गेले. काकी गावी एकटी आहे, आणि मेमध्ये मी तिच्याकडे जाऊन राहते. असल्फ्याच्या खोलीत पप्पा आणि मी राहतो.